जपानीत नाव विचारायचं तर वाक्य अर्ध्यावर सोडा

नागोयाला राहायला गेले त्याच आठवड्यातली गोष्ट. इमारतीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या आजी भेटल्या. पुण्यात दीड वर्षं क्लास केलेला, एन-फोर परीक्षा पास झालेली, त्यामुळे बोलायची खुमखुमी होतीच. मी हसून, एकेक शब्द नीट उच्चारत विचारलं, "आनाता नो ओनामाए वा नान देस का?" व्याकरणात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. आजींचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं. त्यांनी नाव सांगितलं, कमरेतून जरा वाकल्या आणि मजला येईपर्यंत दाराकडे बघत राहिल्या.

आता हाच प्रसंग आपल्या सोसायटीत घडला असं समजा. लिफ्टमधल्या अनोळखी आजींना कुणी "तुमचं नाव काय आहे?" असं विचारलं तर? चुकीचं काही नाही, पण चौकीवर जबाब घेतायत असं वाटेल. आपण म्हणतो, "मी तिसऱ्या मजल्यावरची कुलकर्णी. आपलं नाव...?" आणि वाक्य तिथेच सोडून देतो. 'काय आहे' गिळून टाकतो. जपानीतही नेमकं हेच करायचं असतं. हा कान आपल्याला घरातूनच मिळालेला आहे, पण पाठ्यपुस्तकातलं वाक्य पाठ करण्याच्या नादात आपण तो बंद करून ठेवतो.

ज्यांनी जपानी नुकतंच सुरू केलंय, किंवा नोकरी-शिक्षणासाठी तिकडे निघायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लिपी येत नसली तरी चालेल. सगळं देवनागरीत देते.

आधी 'आनाता' काढून टाका

शब्दकोशात 'आनाता' म्हणजे 'तुम्ही'. प्रत्यक्षात मोठ्या माणसाला, साहेबांना, गिऱ्हाइकाला किंवा अनोळखी व्यक्तीला कुणी तोंडावर 'आनाता' म्हणत नाही. जाहिरातीत, सर्वेक्षणाच्या फॉर्मवर, म्हणजे समोर कोण आहे हे माहीतच नसतं तिथे तो चालतो. आणि आणखी एका ठिकाणी ऐकू येतो. जुन्या वळणाच्या घरात बायको नवऱ्याला 'आनाता' अशी हाक मारते. थोडक्यात, आपलं 'अहो'. लिफ्टमधल्या आजींना मी काय म्हणाले होते, ते तुम्हीच बघा.

मग 'तुमचं' नाव हे कळणार कसं? 'ओनामाए'मधल्या 'ओ'मुळे. नुसतं 'नामाए' म्हणजे नाव, 'ओनामाए' म्हणजे आपलं, आदरणीय माणसाचं नाव. तो एक 'ओ' 'तुमचं'चं सगळं काम करतो. म्हणूनच स्वतःच्या नावाला तो लावायचा नाही. 'वाताशी नो ओनामाए' म्हटलंत तर 'माझं शुभनाम' म्हटल्यासारखं होईल. चिनी वळणाच्या शब्दांना बहुतेक वेळा 'ओ'ऐवजी 'गो' लागतो, जसं 'गोजूशो' म्हणजे आपला पत्ता, 'गोशुश्शिन' म्हणजे आपलं मूळ गाव. अपवाद आहेत, ते ऐकून ऐकून बसतात.

मग स्वतःचं नाव सांगा

विचारण्याआधी सांगणं ही खरी पायरी आहे आणि नवशिके हीच गाळतात. तीन तुकडे एका दमात पाठ करून टाका:

"हाजिमेमाश्ते. कुलकर्णी तो मोऽशिमास. योरोशिकु ओनेगाइशिमास."

पहिला तुकडा पहिल्या भेटीचा नमस्कार, दुसरा 'मला कुलकर्णी म्हणतात', तिसऱ्याचं भाषांतर करत बसू नका, 'लोभ असावा' इतपत समजा. एवढं बोलून किंचित वाकलात की समोरचा माणूस बहुधा आपणहून नाव सांगतो. प्रश्न विचारायची वेळच येत नाही. लिफ्टमध्ये मी एवढंच केलं असतं तरी भागलं असतं.

'मोऽशिमास' हे 'म्हणणे' या क्रियापदाचं नम्र रूप आहे, ते फक्त स्वतःसाठी. समोरच्यासाठी त्याच क्रियेचं आदराचं रूप वेगळं आहे, 'ओश्शाइमास'. "ओनामाए वा नान तो ओश्शाइमास का?" हे चांगलं, जरा भारदस्त वाक्य. पण "नान तो मोऽशिमास का?" विचारलंत तर समोरच्याला त्याच्याच तोंडावर खाली बसवल्यासारखं होतं. दुसरी चूक 'सान'ची. 'सान' दुसऱ्याच्या नावाला लागतो, तो आपल्या नावाला कधीही नाही. 'कुलकर्णीसान देस' म्हणजे फोन उचलून 'मी कुलकर्णीसाहेब बोलतोय' म्हणणं.

आणि नाव म्हणजे आडनाव. जपानी माणूस ओळख करून देताना आडनाव सांगतो, हाकही आडनावानेच मारतात. पूर्ण नावात आडनाव आधी येतं. २०२०च्या १ जानेवारीपासून जपान सरकारने आपल्या कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली. आपल्याकडे आडनाव विचारण्यात कधीकधी जातीची चौकशी दडलेली असते, त्यामुळे मला सुरुवातीला तिथेही आडनाव विचारताना संकोच वाटायचा. तिथे तसं काही नाही. उलट पहिल्या भेटीत पहिलं नाव विचारणं हेच जास्त सलगीचं.

आता प्रश्न

रोज लागणारं वाक्य हे:

"शित्सुरेइ देस गा, ओनामाए वा...?"

'माफ करा हं, पण आपलं नाव...?' 'गा' म्हणजे 'पण'. शेवटचा 'वा' किंचित लांबवायचा, आवाज अलगद वर न्यायचा आणि थांबायचं. पुढे काही बोलायचं नाही. ही दोन सेकंदांची शांतता नवशिक्याला सोसत नाही, तो घाबरून 'नान देस का' जोडतो आणि सगळं मुसळ केरात. जोडू नका.

उच्चाराचं थोडं. 'देस' लिहिताना 'देसु' लिहितात, पण शेवटचा उकार तोंडातल्या तोंडात विरतो. 'वा' हे अक्षर लिहिताना 'हा' असतं, या जागी ते 'वा' वाचतात. 'शित्सुरेइ'मधला 'त्सु' बऱ्याच परभाषकांना जड जातो. आपल्याला तो आयता आहे. 'चूक' हा शब्द म्हणून बघा. त्यातला 'चू' हाच तो 'त्सु'. 'चहा'तला च नव्हे, 'चूक'मधला. माफीच्या शब्दात 'चूक'मधला च, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं.

याच्या एक पायरी वर परवानगी मागायची: "ओनामाए ओ ओकिकी श्तेमो ईई देस का?" म्हणजे 'नाव विचारलं तर चालेल का?' शेजारी, मुलाच्या शाळेतले पालक, ओळखीतून भेटलेली माणसं यांच्याशी हे शोभतं.

त्याहून वर, ऑफिसात, बाहेरून आलेल्या पाहुण्याला: "ओनामाए ओ उकागात्तेमो योरोशीई देस का?" अर्थ तोच, पण 'उकागाउ' हे 'विचारणे'चं नम्र रूप आणि 'योरोशीई' हा 'ईई'चा सुटाबुटातला भाऊ. हे वाक्य जिभेवर बसायला वेळ लागतो. मी आंघोळ करताना घोकायचे.

"ओनामाए ओ ओशिएते इतादाकेमास का?" हे 'नाव सांगण्याची कृपा कराल का' अशा धाटणीचं आहे. हॉटेलच्या काउंटरवर किंवा दवाखान्यातल्या खिडकीवर ते तुम्हाला ऐकू येईल. विचारण्यापेक्षा ओळखता आलं तरी सुरुवातीला पुरे.

माझं मत विचाराल तर पहिलं आणि तिसरं पक्कं करा. मधलं आपोआप येतं. बरोबरीच्या पोरापोरींत हे सगळं ओझं नको. तिथे "नान ते योन्दारा ईई?" ('तुला काय म्हणू?') छान चालतं. आणि लहान मुलांशी बोलताना मोठी माणसं कौतुकाने नुसतं "ओनामाए वा?" म्हणतात. छोट्या मुलाला तर ती 'बोकु' म्हणून हाक मारतात. 'बोकु' म्हणजे खरं तर मुलगे स्वतःसाठी वापरतात तो 'मी'. 'काय रे मी, नाव काय तुझं?' अशातली गत. ऐकायला गोड, पण मोठ्यांशी बोलताना उचलू नका.

फोनवर आणि दारावर

'दारे देस का?' म्हणजे 'कोण आहे?' व्याकरणात बसतं, पण म्हणू नका. फोनवर रिवाजाचं वाक्य "दोचिरासामा देशोऽ का?" 'दोचिरा' म्हणजे 'कुठली बाजू', 'सामा' हा 'सान'पेक्षा मोठा मान. 'कोण' न म्हणता 'कुठून बोलताय' असं वळसा घालून विचारायचं. तरी तेवढंच बोललं तर जरा कोरडं वाटतं. आधी 'शित्सुरेइ देस गा' किंवा ऑफिसात 'ओसोरेइरिमास गा' हवंच. नाव ऐकलं की ते परत म्हणून खात्री करायची: "यामादा सामा दे इराश्शाइमास ने." ऐकू आलं नसलं तरी हीच संधी. चुकीचं म्हणालात तर समोरचा सुधारतो आणि 'काय, काय?' करावं लागत नाही.

नाव कळलं, पण लिहायचं कसं?

इथे जपानी माणूसही अडतो. एकाच चित्राक्षराचे, म्हणजे कान्जीचे, अनेक उच्चार असतात. तीच दोन अक्षरं कुणी नाकाता वाचतं, कुणी नाकादा. यामासाकी आणि यामाझाकी लिहायला सारखेच. 'पूर्व, समुद्र, जंगल' अशी तीन अक्षरं असलेलं एक आडनाव आहे, ते काही घरांत तोकाइरिन आणि काही घरांत चक्क शोजी. अक्षरं बघून शोजी कसं कळावं? कळत नाही, विचारावं लागतं. उलट बाजूने, साइतो हे नाव नुसतं ऐकून त्यातला 'साइ' कुठला हे कळत नाही, तो निदान चार तऱ्हांनी लिहितात. गंमत म्हणजे, जपानच्या कुटुंब-नोंदवहीत नावाचा उच्चार लिहायची सोयच नव्हती. ती २६ मे २०२५ला कायदा बदलून आली.

म्हणून हा दुसरा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, उलट समोरचा खूश होतो. कार्ड किंवा पाटी समोर असेल तर "नान तो ओयोमी सुरेबा ईई देशोऽ का?" म्हणजे 'कसं वाचू?' नाव नुसतं ऐकलं असेल तर "दोऽ इऊ कान्जी देस का?" म्हणजे 'अक्षरं कोणती?' मग बघण्यासारखी गोष्ट घडते. समोरचा माणूस डाव्या हाताचा तळवा पुढे करतो आणि उजव्या तर्जनीने त्यावर अक्षर काढून दाखवतो. शाई नाही, काही नाही. तुम्हाला ओ की ठो कळलं नाही तरी मान डोलवा आणि मनापासून बघा.

अर्थ विचारलात तर गप्पा रंगतात. तानाका म्हणजे भातखाचराच्या मधला, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा. आपल्या डोंगऱ्यांशी आणि पिंपळ्यांशी नातं सांगणारी ही नावं. सामान्य रयतेला आडनाव लावायची मुभा १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचं झालं. एक सावधगिरी मात्र मराठी माणसाने बाळगायची. 'मोरी' हे तिकडे भलं आडनाव आहे, अर्थ 'वन'. योशिरो मोरी नावाचे पंतप्रधानही होऊन गेले. समोर मोरीसान उभे असताना न्हाणीघर आठवून हसू येता कामा नये.

ऑफिसात कार्ड मिळतं, म्हणजे 'मेइशी'. ते दोन्ही हातांनी घ्यायचं, 'चोऽदाइ इताशिमास' (म्हणजे नम्रपणे 'घेते') म्हणायचं, नाव मोठ्याने वाचून बघायचं आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं. लगेच खिशात कोंबायचं नाही. पुष्कळ जण त्याच झोकात 'ओनामाए ओ चोऽदाइ' असंही बोलतात, पण काटेकोर माणसांना ते खटकतं. कार्ड घेता येतं, माणसाचं नाव कसं काढून घेणार?

'मेइ' ऐकून फसू नका

माझी फजिती सांगते. एका उपाहारगृहाच्या दारात वेटरने विचारलं, "नानमेइसामा देस का?" मला 'मेइ' तेवढं ओळखीचं वाटलं. नामाएमधलं 'ना' आणि हे 'मेइ' एकाच चित्राक्षराचे दोन उच्चार, हे क्लासमध्ये शिकले होते. म्हणजे नाव विचारतोय! मी ऐटीत म्हणाले, "कुलकर्णी देस." त्याने अदबीने एक बोट वर केलं, मग दोन. 'किती जण?' एवढंच तो विचारत होता. 'मेइ' हे माणसं मोजायचंही एकक आहे.

गर्दीच्या वेळी अशा ठिकाणी दाराशी वही ठेवलेली असते. तिच्यात काताकाना लिपीत नाव आणि माणसांची संख्या लिहून बसायचं. थोड्या वेळाने पुकारा होतो, "निमेइसामा दे ओमाची नो कुरुकारुनी सामा." हे कुरुकारुनी कोण, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला आणि आमचा नंबर जवळजवळ गेला.

तुमचंही नाव त्यांना विचारावं लागणार

जपानीत 'ल' नाही, 'ट' आणि 'ठ' नाहीत, आणि 'न' सोडला तर शब्द व्यंजनावर संपत नाही. पाटील तिथे पातिरु होतात, स्वप्नील सुवापुनिरु. आपलं नाव काताकानात कसं लिहायचं ते जाण्याआधीच एकदा ठरवा आणि बँक, फोन, दवाखाना, सगळीकडे तेच लिहा. एका ठिकाणी दीर्घ, दुसरीकडे ऱ्हस्व झालं की खिडक्यांवर हेलपाटे घालावे लागतात.

काही मराठी आडनावं तिकडे भलताच अर्थ घेऊन उतरतात. काणे म्हणजे पैसा. वाणी म्हणजे मगर. माने म्हणजे नक्कल. साठ्यांचं 'साते' होतं, ज्याचा अर्थ 'हं, तर मग'. त्यामुळे 'साते देस' म्हटल्यावर ऐकणारा पुढचं वाक्य ऐकायला थांबतो. जोशी म्हणजे 'मुली'. आमच्या टीममधल्या दाढीवाल्या जोशीने "जोशी तो मोऽशिमास" म्हटलं की खोली क्षणभर शांत व्हायची. 'जो' लांबवला तर त्याचा अर्थ 'वरिष्ठ साहेब' होतो, तेव्हा तो बिचारा दोन्हीकडून अडकलेला. अशा वेळी लाजू नका, स्वतःच विनोद करा. नाव कायमचं लक्षात राहतं. फार लांबलचक नाव असेल तर छोटं रूप पुढे करा. तोक्योच्या एदोगावा प्रभागात २०१९ साली नगरसेवक म्हणून निवडून आलेले आपले योगेंद्र पुराणिक तिकडे 'योगी' म्हणून ओळखले जातात. जपानमध्ये मतदार उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर हाताने लिहितात. 'योगी' लिहिणं किती सोपं पडलं असेल, विचार करा.

नाव विसरलात तर

विसरणारच. नाव कळल्यावर 'आनाता'च्या जागी दर वेळी 'तानाकासान' असं नावच घ्यायचं असतं, त्यामुळे विसरणं लपत नाही. सरळ मार्ग: "सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनामाए ओ उकागात्तेमो योरोशीई देस का?" 'सुमिमासेन' म्हणजे 'माफ करा', 'मोऽ इचिदो' म्हणजे 'पुन्हा एकदा'. ओळखीच्या पहिल्या पंधरवड्यात कुणी मनाला लावून घेत नाही.

आडमार्गही आहे. १९७२ ते ७४ या काळात पंतप्रधान असलेले काकुएइ तानाका यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. समोरच्याचं नाव आठवत नसलं की ते बेधडक विचारायचे, "आपलं नाव काय हो?" तो ओशाळून म्हणायचा, "सुझुकी." त्यावर तानाका म्हणायचे, "ते माहितीये हो, मी पहिलं नाव विचारतोय!" जपानीत पहिल्या नावाला 'शिता नो नामाए' म्हणतात, 'खालचं नाव', कारण उभ्या ओळीत लिहिताना ते आडनावाच्या खाली येतं.

मी हा प्रयोग त्याच लिफ्टमधल्या आजींवर केला. लिफ्टमध्ये त्यांनी सांगितलेलं नाव शरमेपायी माझ्या कानात शिरलंच नव्हतं आणि आमच्या इमारतीत दारावर पाट्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हानाको." मी म्हटलं, "छान, आणि वरचं?" आजी पोट धरून हसल्या आणि तळवा पुढे केला.